मॅडम, माझ्या हार्टचं वाटोळं झालंय का?

मेसेज रात्री पावणेदोनला आला होता, मी बघितला सकाळी चहा घेताना. "मॅडम हार्ट रेट १०८. आडवा पडलोय तरी १०८. हे व्हेपमुळेच ना? आता हे कायमचं का?" खाली स्मार्टवॉचचा फोटो. मग अजून एक, त्यात १११. मग तिसरा, आणि चौथ्यात ११७. म्हणजे दर दोन-तीन मिनिटांनी हा मुलगा अंधारात मनगट डोळ्यासमोर धरत होता आणि आकडा चढत होता. चढणारच ना, कोणाचाही चढेल.

ही केस लिहायला त्याने परवानगी दिलीय. नाव-गाव-नोकरी बदललंय, ओंकार म्हणूया त्याला. लिहायचं कारण एवढंच की हाच प्रश्न मला गेल्या काही वर्षांत खूप जणांनी विचारलाय, कॉलेजच्या मुलींनी विचारलाय, एका लग्न ठरलेल्या मुलाने विचारलाय, आणि दोन आयांनी तर रडत विचारलाय, की इतकी वर्षं व्हेप केलं, म्हणजे ई-सिगारेट ओढली, आता हार्टचं काय, नसांचं काय, जे व्हायचं ते होऊन गेलं का. आधीच सांगते, मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. मेडिकलचं जे खाली लिहिलंय ते मी एका कार्डिओलॉजिस्ट मैत्रिणीला छळून छळून समजून घेतलेलं आहे.

पहिल्यांदा आला तेव्हा खुर्चीत नीट टेकला पण नाही, काठावर बसला आणि दोन बोटं मानेवर. बोलता बोलता मध्येच गप्प व्हायचा, मला वाटलं काहीतरी आठवतोय, नंतर कळलं ठोके मोजत होता. वय २४, मूळचा सांगलीकडचा, हिंजवडीत जॉब, वाकडला दोन मित्रांबरोबर फ्लॅट. मी सवयीने "तुम्ही" म्हणत होते तर म्हणाला अरे-तुरे करा मॅडम, नाहीतर एचआरशी बोलल्यासारखं वाटतं.

सुरुवात कॉलेजात सेकंड इयरला. रूममेटचा भाऊ दुबईहून आला त्याने एक आणलं, आंब्याच्या चवीचं, आणि सगळ्यांनी एकेक ओढलं. "मॅडम मी सिगारेट आयुष्यात हातात धरली नाहीये," हे तो पहिल्या अर्ध्या तासात तीनदा म्हणाला, आणि अभिमानाने म्हणाला. घरी वडील तंबाखू मळायचे, चुन्याची डबी, दातांवरचे डाग, गॅलरीतून पिचकारी, त्या सगळ्याची त्याला लहानपणापासून किळस. व्हेपला ना वास, ना राख, ना थुंकणं. त्याच्या डोक्यात हे तंबाखूच्या खात्यात कधी जमाच झालं नाही. आणि आपल्याकडे हे समजण्यासारखं आहे, महाराष्ट्रात तंबाखू म्हणजे मुख्यतः तोंडात ठेवायची गोष्ट, २०१६-१७ च्या सरकारी सर्वेक्षणात इथले २४.४ टक्के मोठे लोक चघळण्याचा तंबाखू घेणारे निघाले आणि ओढणारे फक्त ३.८ टक्के. आपल्या आयांना मिश्री ओळखता येते, गुटखा ओळखता येतो, खिशातली पुडी तर कपडे भिजवतानाच सापडते. ओंकारच्या आईला जीन्सच्या खिशात ते चपटं गुलाबी-पिवळं यंत्र सापडलं तेव्हा त्या माऊलीला वाटलं लिपस्टिक आहे, आणि दोन दिवस त्या हसऱ्या चेहऱ्याने फिरत होत्या की चला, पोराचं कुठेतरी जमलं.

कायद्याचं त्याला माहीत होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश आला, डिसेंबरमध्ये कायदा झाला, ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, वाटणं, साठवणं, जाहिरात करणं, सगळ्यावर देशभर बंदी. म्हणजे त्याने पहिलं व्हेप ओढलं तेव्हा बंदी होऊनही गेली होती. मिळतं कुठे विचारलं तर माझ्याकडे दयेने बघून म्हणाला, "कुठे नाही मिळत ते विचारा." ते असो. पण यातून एक गोष्ट होते जी पालकांच्या लक्षात येत नाही, चोरून आलेल्या मालावर काय छापलंय आणि आत काय आहे याचा कोणाला पत्ता नसतो.

तरी छापलेलं काय ते बघू म्हणून मी त्याला ते टेबलावर ठेवायला सांगितलं. हायलाइटरएवढं, खाली बारीक दिवा, नाकाशी न नेताही आमरस-बर्फाचा वास. बाजूला बारीक अक्षरात १० एमएल, ५ टक्के.

"५ टक्के म्हणजे कमीच ना मॅडम. ९५ टक्के तर काहीच नाही."

मी म्हटलं कॅल्क्युलेटर काढ. ५ टक्के म्हणजे एका मिलीला साधारण ५० मिलिग्रॅम निकोटिन, १० मिलीला ५००. एक सिगारेट ओढली की रक्तात जातं साधारण १ ते २ मिलिग्रॅम. व्हेपमधलं सगळंच्या सगळं शरीरात उतरतं असं नाही, तुलना शब्दशः करायची नाही, पण हे एक किती दिवस जातं? "सहा. ऑफिसात रिलीजची घाई असेल तर पाच." युरोपात कायद्याने एका मिलीला २० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आहे, हा त्याच्या अडीचपट कडक माल आमरस समजून पीत होता. घशाला लागत कसं नाही? तर साधं निकोटिन घशाला टोचतं, या नव्या यंत्रांमध्ये त्यात आम्ल मिसळून निकोटिनचा क्षार करतात, मग ते सुळकन जातं. टोचणं हा ब्रेक होता, तो काढून टाकलाय.

आणि अजून एक, जे मला त्याच्याकडूनच कळलं. सिगारेट संपते. खाली टपरीवर जावं लागतं, लाइटर लागतो, पाच मिनिटांत थोटूक फेकून वर यावं लागतं. व्हेप संपतच नाही. उशीखाली असतं, बाथरूममध्ये असतं, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून असतं. "तू दिवसातून किती वेळा ओढतोस" या माझ्या प्रश्नाचं उत्तर त्याला देताच येईना. तू दिवसातून किती वेळा पापणी लववतोस असं विचारल्यासारखं झालं त्याला.

तर मग घाबरला कशाने? वडिलांची अँजिओप्लास्टी झाली. वय ५२. सांगलीला आयसीयूबाहेर दोन रात्री काढल्या, तिथे कोणीतरी डॉक्टर म्हणाले की मुलांनीपण आता जपायला हवं, फॅमिली हिस्ट्री लागली. परत पुण्याला आला, झोप नाही, रात्री गेम, सोबत एनर्जी ड्रिंक, हातात ते यंत्र, आणि तीन वाजता छातीत असं धडधडायला लागलं की मित्रांनी उचलून हॉस्पिटलात नेला. ईसीजी नॉर्मल. रक्ताची ट्रोपोनिन टेस्ट, हार्टच्या स्नायूला इजा झालीय का ते दाखवणारी, तीही नॉर्मल. नंतर टू-डी एको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी केली तीपण नॉर्मल. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं सिगारेट? हा म्हणाला नाही. तंबाखू? नाही. दारू? कधीतरी. आणि खोटं एकही बोलला नाही बरं का! व्हेपचं कोणी विचारलं नाही, याने सांगितलं नाही, पोट्ट्याने सगळ्या तपासण्या करून घेतल्या आणि कारण खिशात घालून घरी आला.

इथे माझी चूक झाली ती सांगते. रिपोर्ट बघून पहिल्याच सेशनला मी म्हणून गेले, "अरे सगळं नॉर्मल आहे, तुझ्या हार्टला काही झालेलं नाही." धीर द्यायचा हेतू. पुढच्या आठवड्यात आला तो एकदम खुशीत, आणि नव्या यंत्रासकट. द्राक्ष. "तुम्हीच म्हणालात ना काही झालं नाही." आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात तो पावणेदोनचा मेसेज. धीर दिला तर त्याला परवानगी वाटली, आणि ती परवानगी पण दहा दिवस टिकली नाही.

मेसेजनंतर आला तेव्हा मोबाईलमध्ये स्क्रीनशॉटचा ढीग. व्हेपने हार्ट अटॅकचा धोका दुप्पट, अशी ठळक बातमी. मी मैत्रिणीला फोन लावला, ती म्हणाली हा पेपर मला माहितीये. २०१९ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या एका जर्नलमध्ये आला होता, खूप गाजला, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये जर्नलनेच मागे घेतला. का, तर त्यात ज्यांना अटॅक आले होते त्यातल्या काहींना ते व्हेप सुरू करण्याच्या आधीच येऊन गेले होते, आणि ते वेगळे काढलेले नव्हते. अटॅक आला म्हणून घाबरून सिगारेटवरून व्हेपवर आलेला माणूस पण व्हेपच्या नावावर मोजला जाऊ शकत होता.

हे ओंकारला सांगितलं. डोळे चमकले. "म्हणजे सेफ आहे!"

बघा आता. या मुलाला दोनच खणांचं कपाट दिलंय कोणीतरी, एका खणात मरणार आणि दुसऱ्यात सेफ, आणि हा दिवसभर या खणातून त्या खणात. माझं अर्धं काम त्याला तिसरा खण दाखवण्याचं होतं, आणि तो दाखवायला आकडे लागतात, नुसतं "बाळा सोड रे" चालत नाही या पिढीला.

मग आम्ही वही काढली. हे यंत्र आज जसं ओळखतो तसं आलं २००३ मध्ये, चीनमधल्या होन लिक नावाच्या फार्मासिस्टने केलं, आणि युरोप-अमेरिकेत पोचलं २००६-०७ च्या सुमाराला. म्हणजे तीस-चाळीस वर्षं नुसतं व्हेप केलेला माणूस जगात अजून तयारच झालेला नाही. सिगारेटचं बघ, लोक पिढ्यानपिढ्या ओढत होते, आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरशी तिचा संबंध ठणकावून सांगणारे मोठे अभ्यास आले १९५० मध्ये, हार्टचा हिशोब त्याच्याही नंतर. रक्तवाहिन्यांचं नुकसान हे हळूहळू साचणारं काम आहे. त्यामुळे "व्हेपने तुला पन्नाशीत अटॅक येणार" असं छातीठोक सांगणारा फेकतोय, आणि "काही होत नाही" म्हणणारा पण फेकतोय.

पण दिशा दिसते. ती कशी दिसते हे मला फार इंटरेस्टिंग वाटलं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपण रक्तवाहिनी म्हटली की पाण्याचा पाइप डोळ्यासमोर आणतो, कचरा साचला की तुंबला. पण पाइप मेलेला असतो, नस जिवंत असते. तिच्या आतून एक अगदी पातळ अस्तर असतं, पेशींचा एकच थर, आणि रक्ताचा ओघ वाढला की हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि नस सैल पडून रुंद होते. अस्तर ठणठणीत आहे का हे तपासायची एक पद्धत आहे, बीपीचा पट्टा हाताला पाच मिनिटं घट्ट आवळून ठेवायचा, मग सोडायचा, रक्त धावत येतं, आणि सोनोग्राफीवर बघायचं की धमनी किती फुगली. निरोगी धमनी पटकन फुगते. बिघडलेली जागच्या जागी. नसांत चरबीचे थर बसायच्या कितीतरी आधी हे फुगणं कमी होतं, म्हणून हृदयवाले या चाचणीकडे लक्ष ठेवून असतात.

तर २०१९ मध्ये अमेरिकेत पेन्सिल्व्हानिया विद्यापीठात ३१ निरोगी, कधीही न ओढणाऱ्या तरुणांना एकदाच व्हेप ओढायला दिलं, आणि तेही निकोटिन नसलेलं, आणि आधी-नंतर एमआरआय काढला. मांडीच्या धमनीचं ते फुगणं ३४ टक्क्यांनी कमी झालं. एकदा ओढून. हा परिणाम तेवढ्यापुरता होता, कायमचं नुकसान झालं असा त्याचा अर्थ नाही, पण ओंकारने लगेच योग्य प्रश्न विचारला (हुशार आहे पोरगं): "मग दिवसाला शंभरदा ओढलं तर तिला परत नीट व्हायला वेळ कधी मिळतो?" आणि निकोटिन नव्हतं तर हे झालं कशाने? ते द्रव तापलं की त्यातून अ‍ॅक्रोलिन, फॉर्मल्डिहाइड असली टोचरी रसायनं तयार होतात, तापणाऱ्या तारेतून निकेल-क्रोमियमसारख्या धातूंचे कण येतात, आणि ही सगळी धूळ इतकी बारीक की फुफ्फुसात खोलवर जाते. "नुसती वाफ आहे" हे वाक्य इथेच संपलं आमच्यापुरतं. वरून निकोटिन स्वतःचं काम करतंच, अ‍ॅड्रेनालिन वाढवतं, ठोके वाढतात, बीपी चढतं, नसा आक्रसतात.

दुसऱ्या बाजूचं पण सांगितलं, लपवलं नाही, कारण लपवलं तर तो रात्री स्वतः शोधतोच. त्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या डंडीत ११४ जुन्या स्मोकर्सवर अभ्यास झाला, जे सिगारेट सोडून पूर्णपणे व्हेपवर गेले त्यांच्या धमन्यांचं तेच फुगणं एका महिन्यात सुधारलं. व्हेपच्या बाजूने बोलणारे हाच अभ्यास नाचवतात आणि तो खराच आहे. सिगारेटच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, टार असतं, जळण्याची सगळी घाण असते, त्यापेक्षा हे कमी वाईट असणार यात नवल नाही. पण तुलना कोणाशी चाललीय? वीस वर्षं रोज पंधरा सिगारेटी ओढणाऱ्याशी. ओंकार, तू सिगारेट हातात धरली नाहीस हे तूच मला तीनदा सांगितलंस, मग तुझी तुलना तर साध्या हवेशी ना?

गप्प बसला. बोटं मानेवर गेली, मग त्याच्याच लक्षात आलं आणि खाली घेतली.

(जाता जाता, माझ्याकडे दोन्ही करणारे पण येतात, ऑफिसात व्हेप आणि मित्रांत सिगारेट, आणि म्हणतात मॅडम सिगारेट तर आता दिवसाला एकच. हार्टच्या बाबतीत हे गणित चालत नाही. २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब आला होता, दिवसाला वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जेवढा जादा धोका, त्याच्या जवळपास निम्मा दिवसाला एक ओढणाऱ्याला असतो. विसावा हिस्सा नाही, निम्मा.)

मग मी त्याला एक काम दिलं. घड्याळ बघणं बंद करू नकोस, उलट नीट बघ, चार दिवस. पफच्या आधी ठोके लिही, दहा मिनिटांनी परत लिही. आणि नेटवर हार्टबद्दल काही वाचलंस तर त्याच्याही आधी आणि नंतर लिही. त्याने एक्सेल शीट करून आणली, आयटीवाला ना. व्हेपच्या आधी ७८, नंतर ९६. ८१, नंतर ९८. असंच चाललंय खाली खाली. आणि मग एक पिवळी केलेली ओळ: वाचायच्या आधी ७६, "वय २६, जिममध्ये हार्ट अटॅक" हा व्हिडिओ बघितल्यावर १०४. मध्ये व्हेप नाही, चहा नाही, काही नाही. त्याच्या खालच्या ओळीत: घाबरलो म्हणून दोन पफ घेतले, ११२.

या ओळीकडे आम्ही दोघं बराच वेळ बघत होतो. व्हेपच्या भीतीवर उतारा म्हणून व्हेप. आणि मध्ये दोन-तीन तास ओढलं नाही की निकोटिन रक्तातून उतरायला लागतं, मग तलफेची बेचैनी, छातीत कसंतरी, आणि तीपण याला हार्टचीच वाटायची. म्हणजे धडधडीला तीन वाटा होत्या, निकोटिन चढताना, निकोटिन उतरताना, आणि नुसती भीती, आणि हा तिन्हींना एकच नाव देत होता.

पुढचं भराभर सांगते कारण त्यात विशेष काही नाही, मेहनत आहे. फॅमिली डॉक्टरकडे पाठवला, या वेळी व्हेपसकट सगळं सांगायचं ठरवून. त्यांनी निकोटिनचा च्युइंगम दिला. हा परत घाबरला, त्यातपण निकोटिनच ना! डॉक्टरांनी समजावलं की ते हळू आणि कमी जातं, वाफेसारखी उसळी नाही, आणि मोजून कमी करत नेता येतं. पठ्ठ्याने पहिला गम बबलगमसारखा कचाकचा चावला आणि अर्धा तास उचक्या. तो चावून चिमचिमायला लागला की गालात दाबून ठेवायचा असतो, थांबायचं, मग परत चावायचं. रागावून मला मेसेज: "तंबाखूच मळतोय असं वाटतंय, पप्पांसारखं." हसू आलं मला, पण ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलं.

पहिले तीन दिवस वाईट गेले, ते सगळ्यांचेच जातात. चिडचिड, झोप नाही, कोणाशी तरी भांडण. तलफ येते ती काही मिनिटांची लाट असते, तेवढ्यापुरतं हाताला काम लागतं, त्याने रूबिक क्यूब घेतला. दोन-तीन आठवड्यांनी लाटा विरळ झाल्या. बोलायला कोणी हवं वाटलं तर सिगारेटच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा सरकारी क्विटलाइनचा फुकट नंबर आहे, त्याने तो सेव्ह केला होता आणि एकदा वापरला पण. आणि मी एक नियम घातला: छातीत दाबल्यासारखं दुखलं, घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, श्वास लागला, चक्कर येऊन पडलास, तर मला मेसेज करायचा नाही, थेट अँब्युलन्स. तिचाही नंबर १०८ च, त्याच्या लक्षात राहायला सोपा. बाकी वेळी घड्याळ ड्रॉवरमध्ये.

दोन महिन्यांनी घसरला. कोल्हापूरला मित्राची हळद, कोणीतरी हातात दिलं, पाच पफ. रात्री मेसेज, "सगळं पाण्यात गेलं मॅडम, आता परत पहिल्यापासून डॅमेज." पहिल्यापासून कशाला? साठ दिवस ओढलं नाहीस ते साठ दिवस कोणी काढून घेतले का तुझ्याकडून? सिगारेट सोडणाऱ्यांमध्ये हे मोजलेलं आहे की वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो, म्हणजे नसांचं अस्तर मार खाल्लं तरी सावरायला बघतं. निव्वळ व्हेपवाल्यांचा असा वर्षांचा हिशोब अजून कोणाकडे नाही, पण ज्या नसा सिगारेटमधून सावरतात त्या चोवीस वर्षांच्या मुलाच्या अंगात हट्टाने बिघडलेल्याच राहतील असं मानायला मला काही कारण दिसत नाही. मी त्याला हेच, याच शब्दांत सांगितलं. "गॅरंटी?" नाही. गॅरंटी मागायला तो माझ्याकडे चार महिने येत होता, आणि ती मिळणार नाही हे पटल्यावर, काय गंमत आहे, झोपायला लागला.

एक गोष्ट राहिलीच. फॅमिली डॉक्टरांनी वडिलांचं ऐकून याचं लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, करायला लावलं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १५८, हवं त्यापेक्षा बरंच जास्त. व्हेपच्या नादात, म्हणजे व्हेपच्या भीतीच्या नादात, इकडे कोणाचं लक्षच नव्हतं. आपल्या दक्षिण आशियाई लोकांना पहिला हार्ट अटॅक बाकी जगापेक्षा साधारण पाच-सहा वर्षं आधी येतो हे २००४ च्या इंटरहार्ट या अनेक देशांतल्या मोठ्या अभ्यासात दिसलेलं आहे, आपल्याकडे मधलं वय ५३, आणि याचे वडील ५२ ला. त्याच अभ्यासात धोक्याच्या यादीत वरच्या दोन नंबरांना तंबाखू-सिगारेट आणि रक्तातली चरबी. तर आता तो सकाळी चालतो, रात्रीचं ऑर्डर करून खाणं आठवड्यातून एकदा, एनर्जी ड्रिंक बंद, आणि सहा महिन्यांनी परत टेस्ट. यातलं किती टिकेल बघू.

शेवटच्या सेशनला तो वडिलांना घेऊन आला, चेकअपला पुण्यात आले होते ते. आई पण सोबत, त्यांनी मला हळूच विचारलं की मॅडम, ते लिपस्टिकसारखं होतं ते तंबाखूपेक्षा तरी बरं ना? वडील कोपऱ्यातल्या खुर्चीत. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. ओंकार त्यांना सगळं समजावत होता, नसांचं अस्तर, निकोटिन, पट्टा आवळून बघतात ते, वाफेतून गेलं काय आणि गालातून गेलं काय निकोटिन ते निकोटिन, अगदी मी बोलते तसंच बोलत होता, माझीच वाक्यं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "आमचं काय आता, मॅडम. जे व्हायचं ते होऊन गेलं. स्टेंट टाकली ना." आणि बोलता बोलता त्यांचा हात वरच्या खिशाशी गेला, तिथे काहीतरी चौकोनी होतं, आणि ओंकारने ते माझ्या आधी पाहिलं.